पलीकडचा पंचा

“ओलांडली, तर पहिल्यापासून चालायचं?”

“पहिल्यापासून.”

“चार महिने चाललेलं धरायचं नाही?”

“नाही.”

“आणि नाही ओलांडली तर?”

“नऊ दिवसांत अमरकंटक,” वामनबुवा म्हणाले. “नारळ फोड. फोटो काढ. घरी जा.”

बुवा मटार सोलत होते. त्यांनी मान वर केली नव्हती.

विचारणारा पोरगा उन्हातून आला होता, तरी बसायला तयार नव्हता. खांद्यावर सॅक, हातात काठी, मनगटावर पावलं मोजणारं घड्याळ. नाव मिहीर पोंक्षे. मूळचा रत्नागिरीचा, नोकरी पुण्यात. वय विचारलं तर म्हणाला, “एकोणतीस. अजून अकरा दिवस.” असं वय सांगणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहिला.

नर्मदेच्या परिक्रमेचा नियम साधा आहे. नदी उजव्या हाताला ठेवायची आणि मधे कुठंही ओलांडायची नाही. अमरकंटकच्या उगमापासून एका काठानं समुद्रापर्यंत, तिथून दुसऱ्या काठानं पुन्हा उगमापर्यंत. त्यामुळे चालणाऱ्याला आपला मागचा रस्ता पलीकडच्या काठावर दिसत राहतो. दिसतो, पण तिथं जाता येत नाही.

आमचा आश्रम उत्तर काठावर. आश्रम कसला, पत्र्याच्या दोन खोल्या, एक चूल आणि एक होडी. चूल आणि होडी माझ्याकडे. मी परिक्रमावासी नाही, नांदेडहून घरच्यांशी भांडून आलेला स्वयंपाकी आहे. त्यामुळे बाजाराला मला कुठल्याही काठावर जाता येतं.

“ओलांडायची कशाला आहे?” बुवांनी विचारलं.

मिहीरनं काठीनं समोर दाखवलं. पलीकडे एक निळं देऊळ आहे, त्याच्या खाली घाटाच्या पायऱ्या.

“तिथं माझे बाबा आहेत.”

बुवांचा हात थांबला. मी काही बोलणार, तेवढ्यात त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी चुलीत लाकूड सारलं.

“बरोबरच निघालो होतो आम्ही,” मिहीर म्हणाला. “मला तिशीच्या आत परिक्रमा करायची होती. एकविसाव्या वर्षी मी एक यादी केली होती. सात गोष्टी. सहा झाल्या.”

“कुठल्या?”

“परदेशात शिक्षण. स्वतःचं घर. मॅरेथॉन…”

पुढच्या तीन त्यानं सांगितल्याच नाहीत. मटाराच्या सालांपुढे ती यादी त्यालाच कशीतरी वाटली असावी.

“बाबा म्हणाले, मीही येतो. पोस्टातून निवृत्त झालेत. चालायची सवय आहे म्हणाले. नवव्या दिवशी गुडघे सुजले. त्या घाटावर बसले आणि म्हणाले, आजचा दिवस थांबू. पाण्यात पाय सोडून बसू दोघं.”

“मग?”

“आधीच आम्ही दोन दिवस मागे पडलो होतो.”

“मग?”

“मी म्हटलं, परत येताना बसू.”

बुवांनी हातातली शेंग खाली ठेवली.

“परिक्रमेत?”

मिहीरनं काठी दुसऱ्या हातात घेतली.

“परिक्रमेत परत येणं असतं होय रे?”

मिहीरनं घड्याळाचा पट्टा उगाच घट्ट केला.

“तोंडातून गेलं,” तो म्हणाला. “सवयीनं. बाबा हसले. मला वाटलं, त्यांना पटलं.”

“आणखी कुणाला म्हणालायस असं?”

“असं म्हणजे?”

“परत येताना.”

 मी पिठात पाणी घातलं, मळायला लागलो, तरी त्याचं आठवणं चाललेलंच.

“मित्राला म्हणालो होतो. त्याच्या लग्नाच्या वेळी… एका मुलीला… आईला एकदा. दवाखान्यात.”

“आईनं वाट बघितली?”

“बघता आली तेवढी.”

तोवर मला त्या पोराचा राग आला होता. तो इथं निवला. नांदेडला फोन करून मला किती वर्षं झाली ते आठवून बघितलं, आणि ते काम अर्ध्यावर सोडून दिलं.

“अरे, पण बाबांना फोन करायचास,” मी न राहवून म्हणालो.

“ते फोन घरी ठेवून आले होते. देवळाशेजारच्या दुकानदाराचा नंबर मी घेतला होता. दोनदा केला. दोन्ही वेळा त्याला दुकान सोडून बाबांना बोलवायला जावं लागलं. तिसऱ्यांदा संकोच वाटला.”

तो थांबला. मग स्वतःच म्हणाला, “संकोच नव्हे. वेळ नव्हता.”

हे खरं बोलणं मला आवडलं.

“काय म्हणाले फोनवर?” बुवांनी विचारलं.

“मी इथं बरा आहे, तू चाल. समोरून जाशील तेव्हा मी तुला बघेन.”

“मग?”

“मला वाटलं, उगाच आपलं बोलतायत.”

बुवा पुन्हा मटार सोलायला लागले.

“बुवा, मला फक्त एवढं सांगा,” मिहीर म्हणाला. आता तो जरा ऑफिसात बोलतात तसा बोलायला लागला. “नऊ दिवसांत मी परिक्रमा पूर्ण करतो. तिथून गाडी करून थेट बाबांकडे येतो. दहाव्या दिवशी त्यांच्यापुढे उभा. परिक्रमाही झाली, बाबाही भेटले. यात चुकीचं काय आहे?”

“काही नाही.”

“मग मला चुकल्यासारखं का वाटतंय?”

“बस.”

“मला अजून बारा किलोमीटर जायचंय आज.”

“दिवस मावळेपर्यंत बस.”

मिहीरनं घड्याळ पाहिलं. मग सॅक उतरवली आणि बसला. समोरची शेंगांची टोपली बुवांनी त्याच्याकडे सरकवली. त्याला मटार नीट सोलता येत नव्हते, निम्मे दाणे अंगणात उडाले. मी ते वेचले.

ऊन उतरलं तसे बुवा उठले आणि काठाशी जाऊन उभे राहिले. आम्ही दोघं मागोमाग गेलो.

पात्र इथं रुंद आहे. पलीकडचा माणूस दिसतो, त्याचा चेहरा दिसत नाही.

निळ्या देवळामागून एक माणूस आला. भिंतीला धरून पायऱ्या उतरू लागला. एका पायरीवर दोन्ही पाय टेकवायचा, मग पुढची. शेवटच्या पायरीवर तो थांबला, खांद्यावरचा पंचा काढला आणि डोक्यावर धरून हलवायला लागला.

मिहीरचा श्वास मला ऐकू आला.

“माझी पुण्याची एसटी सुटायची…” तो म्हणाला, “तेव्हा स्टँडवर असाच पंचा… मला लाज वाटायची. मी खिडकी लावून घ्यायचो.”

“माघ लागल्यापासून रोज येतात,” बुवा म्हणाले. “या काठानं जो दिसेल त्याला पंचा हलवून दाखवतात. चेहरा कळत नाही ना. त्यातला एखादा आपला असेल, म्हणून सगळ्यांना.”

“मी बाजाराला जातो तेव्हा भेटतात,” मी म्हणालो. “होडीतून इकडं चला म्हटलं तर ऐकत नाहीत. गुडघे बरे झाले की पुढं चालणार आहेत म्हणे, परिक्रमा मोडायची नाही. मुलगा येणार आहे एवढंच सांगतात. नाव कधी बोलले नाहीत.”

“आणि या काठावर कुणीच नसलं तर?” मिहीरनं विचारलं.

मीच सांगितलं. “मग बुवा हात हलवतात.”

“रोज?”

“एवढ्या पायऱ्या उतरून आलेला माणूस,” बुवा म्हणाले. “त्याला तसाच कसा परत पाठवायचा?”

पलीकडे पंचा हलतच होता. उत्तर मिळाल्याशिवाय तो थांबत नाही, हे आम्हाला ठाऊक होतं. पण आज बुवांनी दोन्ही हात पाठीमागे बांधले.

मिहीरनं काठी टाकली. हात वर केले आणि हलवले. आधी एक, मग दोन्ही. मग तो ओरडला.

“बाबा!”

वारा पलीकडून अलीकडे होता. हाक फार लांब गेली नाही.

“बाबा! मी!”

पंचा खाली आला. त्या माणसानं पंच्यानंच तोंड पुसलं. मग रोजच्यासारखा एकदा नमस्कार केला, पाठ फिरवली आणि पायऱ्या चढू लागला.

मिहीरचे हात तसेच वर राहिले.

“त्यांनी ओळखलं नाही,” तो म्हणाला.

“नाही.”

“त्यांना वाटलं…”

“त्यांना वाटलं मीच,” बुवा म्हणाले. “रोज मीच असतो.”

मी या काठावर बारा वर्षं आहे. रडणारी माणसं पुष्कळ पाहिलीत, परिक्रमेत माणसं रडतातच. पण तो पोरगा रडला नाही, नुसता त्या पायऱ्यांकडे बघत राहिला, आणि ते बघणं मला बघवेना. वर चढणारा माणूस मधेच थांबला, भिंतीला टेकला, पुन्हा चढायला लागला.

“चार महिन्यांत एवढे म्हातारे झाले बाबा?”

“चार महिन्यांत कुणी एवढं म्हातारं होत नाही.”

“मग?”

“आज तू उभा राहून बघितलंस.”

माणूस देवळामागे गेला. घाट रिकामा झाला.

मिहीर वाळूत बसला. मग बोलला, पण ते आमच्याशी नसावं.

“मला वाटायचं, वय माझंच वाढतंय. तिशी माझीच येतेय, म्हणून घाई मला. बाकीचे सगळे… जिथं ठेवले तिथं, तसेच असतील.”

बुवा त्याच्याशेजारी टेकले. त्यांचेही गुडघे दुखतात, बसताना कण्हले.

“बुवा, उद्या पहाटे मी…”

वाक्य त्यानं तिथंच सोडलं. आपलेच शब्द कानावर आले की माणूस कसा दचकतो, ते मी त्या दिवशी पाहिलं.

तो उठला. सॅकच्या बाजूच्या कप्प्यातून एक छोटी बाटली काढली. उगमापाशी भरून घेतलेलं नर्मदेचं पाणी त्यात असतं. परिक्रमावासी ते जिवापाड जपतात आणि शेवटी पुन्हा तिथंच वाहतात. यानं बाटलीला मोजा घातला होता, फुटू नये म्हणून.

त्यानं ती बुवांपुढे धरली.

“याचं काय करू?”

बुवांनी बाटली घेतली, मोजा काढून त्याला परत दिला आणि बाटली स्वतःच्या कडेला वाळूत उभी केली.

मला काही सांगावं लागलं नाही. मी होडीचा दोर सोडला. मिहीर चपला हातात घेऊन पाण्यात उतरला. पाणी घोट्यापर्यंत आलं तसा थबकला. एकशे पंधरा दिवसांत त्यानं कितीदा अंघोळ केली असेल या नदीत, पण आता तो असा उभा होता की जणू पाण्याला हात लावायची चोरी आहे.

“सगळं फुकट गेलं का, बुवा?”

बुवा उठून आले, होडीच्या काठाला हात लावला. तो चढून बसला. मी वल्हं घेतलं.

“बुवा… तुमचं कुणी आहे का पलीकडे?”

“नव्हतं,” बुवा म्हणाले, आणि होडी ढकलली.

पाणी संथ होतं. मिहीर पुढं तोंड करून बसला होता, निळ्या देवळाकडे. मनगटावरचं घड्याळ एकदा वाजलं, त्यानं न बघताच ते काढलं आणि मोज्यात घातलं. बाबांना पहिलं वाक्य काय बोलायचं याची तो मनात जुळवाजुळव करत असावा, कारण ओठ हलत होते आणि दर वेळी मधेच थांबत होते. मलाही काही सुचवता आलं नसतं.

दहाबारा हात गेलो असू. मागून बुवांची हाक आली. वारा पलीकडून असल्यामुळे त्यांना ओरडावं लागलं. ओरडायची त्यांना सवय नाही, आवाज फाटला.

“पोरा! बाबांना सांग, उद्याही या म्हणावं पायऱ्यांवर. मला सवय लागलीय.”