धुरपाबाई आणि गूळ मागणारा राघू

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. किती वर्षांपूर्वीची ते विचारू नका, कारण मेसवाडीत दोन म्हाताऱ्यांचं त्यावर एकमत नाही. एवढं मात्र खरं, की तेव्हा ओढ्याच्या वरच्या अंगाला एकच झोपडी होती आणि तिच्यात धुरपाबाई नावाची बुरडीण राहत होती. बांबू चिरायचा, त्याच्या पट्ट्या काढायच्या आणि सुपं, टोपल्या, दुरड्या विणायच्या, हा तिचा धंदा. गावात बाळ जन्मलं की त्याला पहिल्यांदा निजवायचं सूप तिच्या हातचं असे. माणूस गेलं की तिरडीचा बांबूही तिच्याकडूनच येई. त्यामुळं सगळं गाव तिला आक्का म्हणे आणि थोडं बिचकूनही असे.

त्याच गावात शिदू नावाचा गुळव्या होता. काहिलीत उकळणारा उसाचा रस कधी उतरवायचा हे ज्याला कळतं तो गुळव्या, आणि शिदूला ते नुसत्या वासावरून कळायचं, असं म्हणतात. त्याच्या बायकोचं नाव अनसा. त्यांना एकच लेक, बनी. आणि बनीचा एक राघू, धुरपाबाईनं विणलेल्या पिंजऱ्यात आढ्याला टांगलेला.

बनी सहा वर्षांची असताना तिला ताप भरला. वैद्यानं सांगितलं, ताप उतरेपर्यंत पोटात पाण्याशिवाय काही जाऊ द्यायचं नाही. तेव्हाची रीतच होती तशी, वैद्याला तरी काय बोल लावायचा? पण ते घर होतं गुळव्याचं. घरात ढेपा रचलेल्या, भिंतींना गुळाचा वास. पोर तीन दिवस एकच म्हणत होती, "आये, गूळ दे की." आणि अनसा काळजावर दगड ठेवून तीन दिवस "न्हाई बाळा" म्हणत होती. चौथ्या दिवशी बनीनं मागायचं थांबवलं. दुपारी ती गेली.

हे सगळं आढ्यावरून राघू ऐकत होता.

तेराव्याचं झालं, पाहुणे आपापल्या गावी गेले, घर रिकामं झालं. अनसा चुलीपुढं बसली होती. तेवढ्यात वरून आवाज आला, "आये, गूळ दे की." बनीचाच आवाज. तसाच तापानं बसलेला, तसाच शेवटी ओढलेला. अनसा धावली. हाताला लागली ती ढेप फोडली आणि मूठभर गूळ पिंजऱ्यात घातला. आता कुणी नाही म्हणायला नव्हतं.

पोपटाची जातच ती. बोललं की मिळतं हे त्याला एकदा कळलं, मग काय विचारता! दिवसातून शंभरदा तो मागे आणि शंभरदा अनसा देई. पेरू नको झाला, मिरची नको झाली, मक्याच्या कणसाला तो तोंड लावेना. नुसता गूळ. पोट फुगलं, चोच चिकटली, बसल्या जागी तो पाण्यासारखं शिटायला लागला. मग त्यानं स्वतःचीच पिसं उपटायला सुरुवात केली. आधी छातीची, मग पंखांखालची, मग मांड्यांची. उपटायचा आणि खाली टाकायचा. चोच डोक्याला पोचत नाही म्हणून डोकं तेवढं हिरवं राहिलं. बाकी अंग उघडं, गुलाबी, ठिकठिकाणी रक्ताळलेलं.

लोक म्हणाले, पोरीचा जीव अडकलाय त्याच्यात. कुणी म्हणालं, भूत आहे. लोकांचं काय, उचलली जीभ लावली टाळ्याला. घरात काय चाललंय ते ठाऊक होतं फक्त शिदूला. त्याला तो आवाज सहन होईना. एका सकाळी अनसा विहिरीवर गेलेली पाहून त्यानं पिंजरा उचलला आणि थेट ओढ्यावर आला, बुडवायलाच.

ओढ्यात धुरपाबाई बांबू भिजत घालत होती. तिनं आधी पिंजरा ओळखला, मग आत काय आहे ते पाहिलं.

"ह्यो पिंजरा माझ्या हातचा हाय शिदबा," ती म्हणाली. "माझी वस्तू मला दे."

शिदू तिच्यापुढं लहान पोरासारखा रडला. पिंजरा ठेवून तो आला तसा परत गेला.

धुरपाबाईनं झोपडीत आल्या आल्या राघूला बाहेर काढलं आणि कोयत्यानं पिंजऱ्याचे दोन तुकडे केले. राघूचं अंग निंबाच्या कोमट पाण्यानं पुसलं आणि त्याला जुन्या लुगड्याच्या चिंध्यांवर, चुलीच्या उबेला, एका दुरडीत ठेवलं. औषध तिच्याजवळ काही नव्हतं. तिच्याजवळ होता बांबू. राघूची चोच छातीकडं वळली की ती हातातलं काम सोडून बांबूची ओली, पातळ पट्टी त्याच्या चोचीत द्यायची. तो ती चिरायचा, फाडायचा, धागे धागे करायचा. संपली की दुसरी. रागावणं नाही, हाकलणं नाही. दिवसभर हेच. एका हातानं विणायचं आणि एक हात राघूसाठी मोकळा ठेवायचा. त्या वर्षीच्या तिच्या एकजात सगळ्या सुपांना बाक आला आणि तरी गावानं ती मुकाट्यानं वापरली, असं म्हणतात.

पण खाण्याचं काय? उंबरं ठेवली, निंबोळ्या ठेवल्या, कोवळ्या शेंगा ठेवल्या. राघू सगळं उधळून टाकी आणि म्हणे, "आये, गूळ दे की." तो आवाज ओढ्याच्या खालपर्यंत जाई. तिसऱ्या दिवशी अनसा धावत आली, पदरात गुळाचा खडा बांधून. धुरपाबाईनं तिचं मनगट धरलं.

"सोड आक्का. एकदा न्हाई म्हनलेय म्या तिला. पुन्ना कशी म्हनू?"

"ह्यो राघू हाय अनसा. तुजी लेक न्हाई. ह्येला गूळ घातलास तर ह्योबी जाईल, आन् आवाजबी त्येच्यासंगंच जाईल."

"मग तू दिऊ नगंस. मी दिते. पाप माझ्या माथी."

"मी न्हाई म्हनून उपेग न्हाई गं," धुरपाबाई म्हणाली. "त्यो मला मागतच न्हाई. तुला मागतोय. न्हाई तूच म्हनाया पायजे."

अनसा उंबऱ्यात बसली. मग तिनं पदराची गाठ सोडली, गूळ ओढ्यात टाकला आणि एक उंबर उचलून राघूपुढं धरलं. राघू म्हणाला, "आये, गूळ दे की." अनसा म्हणाली, "न्हाई बाळा." तिचं ते म्हणणं ऐकून ओढ्याचं पाणी घटकाभर वाहायचं थांबलं, असं म्हणतात. थांबलं असेल. मी तिथं असतो तर मीही थांबलो असतो.

ती रोज आली. रोज नाही म्हणाली. सातव्या दिवशी राघूनं उंबर फोडलं आणि आतल्या बिया खाल्ल्या. महिन्याभरात त्याच्या पाठीवर बारीक काटे उगवले आणि काट्यांतून हिरवं दिसायला लागलं. छाती तेवढी उघडीच राहिली, तिथं पीस पुन्हा आलं नाही. पण जसजशी पिसं आली तसतसं मागणं कमी झालं. शंभराचं दहावर आलं, दहाचं एकावर. मग एक दिवस तो बोललाच नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. शेवटचं कधी बोलला होता ते दोघींपैकी एकीलाही सांगता येईना. शेवटचं आहे असं कुणाला ठाऊक होतं?

"राघू वाचला आक्का," अनसा म्हणाली. "माझी बनी मातुर दुसऱ्यांदा गेली."

धुरपाबाईनं हातातली पट्टी खाली ठेवली. त्या दिवशी तिनं काही विणलं नाही.

पुढं अकरा वर्षं अनसा रोज येत राहिली. येताना उंबरं आणी, राघू तिच्या खांद्यावर बसून खाई, आणि धुरपाबाई शेजारी विणत बसे. राघूनं फाडलेल्या पट्ट्यांचा ढीग झोपडीच्या छपराएवढा झाला, असं म्हणतात.

मग एका उन्हाळ्यात अनसाच अंथरुणाला खिळली. अन्न जाईना, पण जीवही जाईना. तिची नजर सारखी रिकाम्या आढ्याकडं लागलेली. धुरपाबाईला निरोप गेला. ती भर दुपारी राघूला दुरडीत घेऊन गाव ओलांडून आली. तिनं दुरडी अनसाच्या उशाशी ठेवली आणि दारात जाऊन बसली.

राघू दुरडीतून उतरला. उशीवर चढला. अनसाच्या कानाशी चोच नेली आणि अकरा वर्षांत पहिल्यांदा बोलला. आवाज बनीचाच, पण तापातला नव्हे. खेळून आलेल्या पोरीचा.

"आये, पोट भरलं."

अनसा हसली. शिदूनं ते हसू पाहिलं, म्हणून ते आपल्याला ठाऊक. मग तिनं डोळे मिटले. राघू उडाला, दारातून बाहेर पडला, आणि पुन्हा कुणाला दिसला नाही.

हे शब्द त्याला कुणी शिकवले? कुणी म्हणतं, बनीच येऊन सांगून गेली. कुणी म्हणतं, अकरा वर्षं अनसा घरी गेली की धुरपाबाई विणता विणता पोरीचा आवाज काढून तेवढंच एक वाक्य म्हणत बसायची. लोकांनी तिला विचारलंही. ती म्हणाली, "मी बुरडीण. मला टोपल्या इणता येतात." त्यापुढं ती मरेपर्यंत याबद्दल काही बोलली नाही.

तिची झोपडी पडली. राघूच्या पट्ट्यांच्या ढिगाला पालवी फुटली आणि त्याचं बांबूचं बेट झालं, असं म्हणतात. चिरलेला बांबू रुजतो का हे मला विचारू नका, बेट आहे एवढं मी पाहिलंय. मेसवाडीत आजही कुणी पिंजरा विणत नाही. गुऱ्हाळ लागलं की गुळाचा पहिला खडा त्या बेटाखालच्या ओढ्यात सोडतात, आणि शेजारच्या फांदीला उंबरांचा एक घोस पाखरांसाठी बांधतात.

आणि त्या गावात पाहुणे म्हणून गेलात तर एक दिसेल. लेकरू जेवून उठतं, हात धुतं, आणि खेळायला पळण्याआधी आईला सांगून जातं, "आये, पोट भरलं." सांगितल्याशिवाय आई त्याला उंबरा ओलांडू देत नाही.