गोळीची वाट

“तुम्हाला गोळी दिसते, मग मला का दिसत नाही?”

अनिरुद्ध जाचकनं बंदुकीवरून मान न उचलताच विचारलं. सकाळपासूनची ती एकतिसावी गोळी होती.

मागं चटईवर दुर्बिणीला डोळा लावून बसलेले मुजावर वस्ताद नुसते हसत होते.

माणदेशातल्या एका बोडक्या डोंगराच्या पायथ्याशी ही चांदमारी, गोळीबाराच्या सरावाची जागा. आठशे मीटरवर चुन्यानं रंगवलेला एक लोखंडी पत्रा टांगलेला. वस्ताद फौजेतून हवालदार होऊन परतले त्याला वीस वर्षं झाली. तेव्हापासून येईल त्याला ते इथं नेमबाजी शिकवत.

जाचक आला तो पदकं मिरवतच. पन्नास मीटरवर राज्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. लांब पल्ल्याच्या जोडीच्या स्पर्धेत मात्र तो दोनदा आपटला होता. तिथं एकानं गोळी झाडायची आणि दुसऱ्यानं मागून ती कुठं वळली ते बघून सांगायचं. सांगणाऱ्याचं ऐकून घेणं जाचकला जमत नसे. दोन वर्षांत दोन जोडीदार त्याला सोडून गेले.

मग त्याच्या कानावर आलं, माणदेशात एका म्हाताऱ्याला उडती गोळी दिसते. त्यानं ठरवलं, ही विद्या आपणच शिकायची. स्वतःची गोळी स्वतःच बघायची, म्हणजे जोडीदाराची कटकटच नको.

हे त्यानं पहिल्याच दिवशी वस्तादांना सांगून टाकलं होतं. वस्तादांनी ऐकून घेतलं, चहा पाजला आणि म्हणाले, झाड गोळ्या.

चार दिवस तो झाडत होता. बंदूक दणका द्यायची, डोळ्यापुढचं सगळं उडायचं, आणि नजर जागेवर येईतो पलीकडं धूळ उठलेली असायची. खांदा काळानिळा पडला.

वस्ताद मात्र मजेत होते. गोळी सुटली की धूळ उठायच्या आत मागून त्यांचा शब्द यायचा. डावी... उजवी... खाली. एकदाही चुकला नाही.

जाचकला वाटायचं, म्हातारा अंदाज ठोकतोय.

पाचव्या दिवशी सकाळी कुसुम दडस आली. गावच्या शाळेत ती मुलांना खेळ शिकवायची. वर्षभर वस्तादांकडं जवळच्या निशाणावर हात बसवला होता. लांबच्या पत्र्यावर झाडायची तिची ही पहिलीच वेळ.

ती बंदुकीमागं पालथी पडली. वस्ताद आपल्या चटईवरून उठले आणि त्यांनी जाचकला खूण केली.

“बस इथं. गोळी कुठं जाते ते हिला सांग.”

“मी?”

“तूच.”

जाचकला ते लागलं. पण तो बसला, दुर्बीण पत्र्यावर लावली, पत्र्याचा खिळा न् खिळा दिसेल इतकी नेमकी जुळवली.

कुसुमनं गोळी झाडली. लांब धूळ उडाली.

“कुठं गेली?” तिनं विचारलं.

जाचकला फक्त धूळ दिसली होती.

वस्ताद वाकले. दुर्बिणीचं कडं त्यांनी बोटानं जरासं फिरवलं. पत्रा धूसर झाला.

“वस्ताद, निशाण गेलं.”

“जाऊ दे.”

“मग बघू काय?”

“मधलं.”

जाचकनं पुन्हा डोळा लावला. मधे काय होतं? काहीच नव्हतं. कोवळं ऊन पाठीवर होतं, माळावरचं दव वाळत होतं आणि हवा हलकेच थरथरत होती...

कुसुमनं श्वास सोडला. बंदूक वाजली.

हवेत एक चीर पडली.

तळ्यातून मासोळी सरसर जावी आणि पाणी दोन्ही अंगांनी दुमडावं, तशी हवा दुमडत गेली. ती रेघ वर चढली, पत्र्याच्या कितीतरी वर, डोंगराच्या पोटापर्यंत. तिथं क्षणभर रेंगाळल्यासारखी झाली. मग उजवीकडं कलत, एखादा पक्षी झाडावर उतरावा तशी खाली आली. तिच्या टोकाला सूर्य एकदा चमकला. आणि मग धूळ.

जाचकनं दुर्बीण आणखी घट्ट धरली.

“कुठं गेली?” कुसुमनं परत विचारलं.

“उजवीकडं... दोन हात. वारा पत्र्याजवळ आहे. डावीकडं धरा.”

तिनं धरलं. परत ती रेघ चढली, परत उतरली. या खेपेला ती धूसर पत्र्यात अलगद शिरली, आणि दोन सेकंदांनी माळावरून आवाज चालत आला. टण्ण.

कुसुम उठून बसली. दोन्ही हात तोंडावर. जाचक तर असा हसत सुटला, की दुर्बीण कलंडली. पन्नास मीटरवरच्या कुठल्याच पदकाला तो असा हसला नव्हता.

मग दुपारपर्यंत त्यानं बंदुकीला हात लावला नाही. ती झाडत होती, तो सांगत होता. सावल्या पायाशी आल्या तेव्हा त्यानं तिला विचारलं, पुढच्या महिन्यात स्पर्धा आहे, माझ्या मागं दुर्बिणीवर बसाल का? ती म्हणाली, ऐकणार असाल तर बसेन. तो म्हणाला, ऐकेन.

डबे सोडायच्या वेळी जाचक वस्तादांजवळ गेला.

“वस्ताद, झाडणाऱ्याला ती कधीच दिसत नाही?”

वस्तादांनी डोक्यावरची टोपी काढून दगडावर ठेवली. हळूहळू गुडघे टेकले, बंदुकीमागं पालथे पडले, गाल लाकडाला लावला.

“बस मागं,” ते म्हणाले. “चाळीस वर्षं झाडतोय. माझी कशी जाते, ते सांग बघू मला.”