सदऱ्याखालचं पिस्तूल

चुलतभाऊ हैबतराव सदऱ्याखाली पिस्तूल बाळगतो, हे ऐकल्यापासून तुळाजी पाटलाला अन्न गोड लागेना. त्यानंही परवाना काढला, बायको चंद्राक्काची दुभती म्हैस विकायला काढली आणि बायकोलाच घेऊन बंदुकीच्या दुकानात गेला.

एकेक पिस्तूल कमरेला खोचून तो विचारी, "दिसतंय का गं?"

"दिसतंय की!"

शेवटी सगळ्यांत लहान खोचलं. "आता?"

"आता काहीच दिसत नाही."

"मग हेच! जळू दे हैबत्याला."

चंद्राक्कानं पिस्तूल उपसून दुकानदाराला दिलं आणि नवऱ्याचा सदरा खाली ओढला. "आताही काहीच दिसत नाही. चला घरी, धारेची वेळ झाली."

"अगं, पण हैबत्याकडं आहे ना!"

"तुम्ही बघितलंय?"

म्हैस दावणीलाच राहिली. पाटील दुकानात गेल्याचं मात्र गावभर झालं, आणि आता हैबतरावाला अन्न गोड लागत नाही.