शेंगदाण्यांचे दोन खिसे

एका बाजारगावात एक व्यापारी होता, भरमूशेठ नावाचा. शाळा चौथीपर्यंत, पण दुकान चाळीस वर्षांचं. आधी त्यानं सायकली विकल्या, मग रेडिओ, मग शिलाई मशीन आणि आता कॉम्प्युटर. कॉम्प्युटर त्याला कुणी शिकवला नाही. पहिला आला तो त्यानं दुकानाच्या फरशीवर सगळा उघडला आणि पुन्हा जोडला. जोडल्यावर एक स्क्रू उरला. कॉम्प्युटर मात्र चालू झाला. तो स्क्रू त्यानं जपून ठेवला होता. कुणी फार हुशारी दाखवायला लागलं की तो काढून दाखवायचा. म्हणायचा, "बघा, कंपनीनंसुद्धा गरजेपेक्षा थोडं जास्तच घातलेलं असतं."

गिऱ्हाईक दारात आलं की किंमत सांगायच्या आधी तो एकच प्रश्न विचारायचा. "काम काय?"

एके दिवशी सकाळी त्याच्याकडे रत्नाक्का आली. भांडीबाजारात तिचं लग्नपत्रिकांचं दुकान होतं. तिचे यजमान मल्लूअण्णा जुने कंपोझिटर. छापखान्यात अक्षरांचे शिशाचे खिळे जुळवण्यात त्यांची उमर गेली होती. पुढं खिळे गेले, अण्णांचे हात थरथरायला लागले. तेव्हा रत्नाक्का टायपिंग शिकली आणि कॉम्प्युटरवर पत्रिका करायला लागली. अण्णा शेजारच्या खुर्चीत बसून छापलेला कागद तपासायचे. एक वेलांटी चुकली तरी त्यांना जेवण जायचं नाही.

"शेठ, तुमच्याकडचा सगळ्यात फास्ट कॉम्प्युटर द्या," रत्नाक्का म्हणाली.

"काम काय?"

"अकरा वर्षांपूर्वी तुम्हीच मशीन दिलंत आणि मलाच विचारता काम काय?"

मग तिनं सांगितलं. तिच्या दुकानासमोर सुयोग नावाच्या तरुणानं पत्रिकांचंच दुकान टाकलं होतं. शहरातून नवा कोरा, भारी प्रोसेसरचा कॉम्प्युटर आणला होता. दारावर पाटी होती: चहा संपायच्या आत पत्रिका तयार! लग्नसराई ऐन भरात होती आणि आक्काकडे महिनाभरात दोन पत्रिका आल्या होत्या.

"माझं काही नाही शेठ, दुकान बसलं तर मी पापड लाटीन. पण ह्यांनी काय करायचं? डोळ्यांपुढं अक्षरं नसली तर भिंतीकडं बघत बसतील."

भरमूशेठच्या पाठीमागं काचेच्या कपाटात एक कॉम्प्युटर होता. पंचक्रोशीत तेवढा वेगवान दुसरा नव्हता. पाच महिने त्याला कुणी हात लावला नव्हता. शेठनं नुसतं बोट दाखवलं असतं, तरी तो त्या सकाळी विकला गेला असता.

शेठनं बोट दाखवलं नाही. तो म्हणाला, "आक्का, उद्या मी तुमच्या दुकानात येऊन बसतो. मग सांगतो."

"विकायचा नसला तर तसं सांगा की!"

"विकायचाच आहे हो. म्हणून तर बसतो."

दुसऱ्या दिवशी शेठ मनगटावर घड्याळ आणि हातात भाजक्या शेंगदाण्यांची पुडी घेऊन आक्काच्या दुकानात जाऊन बसला. नशिबानं त्या दिवशी एक गिऱ्हाईक आलं. मुलाची पत्रिका करायला आलेले नवरा-बायको होते. शेठनं आपला हिशेब ठरवला. कॉम्प्युटरसाठी आक्काला थांबावं लागलं, तर मिनिटाला एक शेंगदाणा उजव्या खिशात. माणसांसाठी कॉम्प्युटरला थांबावं लागलं, तर मिनिटाला एक शेंगदाणा डाव्या खिशात.

आक्कानं बटण दाबलं. पडद्यावर गोल चक्र फिरायला लागलं. उजव्या खिशात शेंगदाणे पडू लागले. पण तेवढ्यात आक्कानं खुर्ची वळवली आणि विचारलं, "नावं सांगा. कुणी राहिलं का?"

"कोण राहतंय? घरचीच तर माणसं," नवरा म्हणाला.

पत्रिका उघडली. आक्का दोन बोटांनी टाइप करू लागली. मोठ्या काकांचं नाव आधी घ्यायचं की काकूंच्या भावाचं, यावर नवरा-बायकोचं जुंपलं. कॉम्प्युटर गप्प उभा. शेंगदाणे डाव्या खिशात.

"हे आजोबा कैलासवासी आहेत ना नक्की?" अण्णांनी पडद्यावरचं वाचत विचारलं. "मागं एका छापखान्यानं जिवंत माणसाला कैलासवासी केलं होतं. तो स्वतः दुकानात आला आणि म्हणाला, मेलोच आहे तर चहा तरी पाजा."

मधेच कॉम्प्युटर पुन्हा अडला. आक्कानं पुन्हा विचारलं, "कुणी राहिलं का?"

"माझी घाटाखालची मावशी!" बायको म्हणाली.

छापायच्या आधी आक्कानं तिसऱ्यांदा विचारलं. या वेळी नवरा एकदम उठून उभा राहिला. स्वतःच्या आईचंच नाव राहिलं होतं.

"जवळचंच राहतं," आक्का म्हणाली. "चष्मा कपाळावर ठेवून माणूस घरभर शोधतो, तसं. रोज ज्याच्या हातचं खातो, त्याचं नाव लिहायचं असतं हे ध्यानात येत नाही."

संध्याकाळी शेठनं टेबलावर दोन्ही खिसे रिकामे केले. उजव्या खिशातून तेरा शेंगदाणे निघाले. डाव्या खिशातल्यांचा ढीग टेबलावरून खाली सांडायला लागला.

"यातले चारपाच मी खाल्लेत," शेठ म्हणाला. "ते उजवीकडचे धरा, म्हणजे पक्षपात नको. आता बघा आक्का. नवा प्रोसेसर आणलात तर फार तर हा तेराचा ढीग कमी होईल. हा मोठा ढीग तुमचा, गिऱ्हाइकाचा आणि त्याच्या काकांचा. त्याला कुठलाच प्रोसेसर हात लावू शकत नाही."

आक्का खाली सांडलेले शेंगदाणे वेचू लागली. तेव्हा शेठनं एक गोष्ट सांगितली.

"आमच्या लहानपणी एका टांगेवाल्यानं शर्यतीचं घोडं घेतलं. स्टेशनला सगळ्यांच्या आधी पोचीन म्हणाला. स्टेशनच्या वाटेवर रेल्वेचं फाटक. फाटक उघडायचं तेव्हाच उघडायचं. आधी तो फाटकाशी पाच मिनिटं उभा राहायचा, आता पंधरा मिनिटं राहायला लागला. घोड्याचा हरभरा मात्र दुप्पट झाला. तसा हा नवा कॉम्प्युटर तुमच्यापुढं लवकर येऊन उभा राहील आणि जास्त वेळ तुमची वाट बघेल."

"मग सुयोगकडं लोक का जातात?"

"पाटी बघून. पाटी फास्ट आहे त्याची."

शेठनं मग आक्काचं जुनं मशीन उघडलं. आतली धूळ झटकली. वर्षानुवर्षं साठलेले नको ते प्रोग्रॅम काढून टाकले आणि मेमरीची एक पट्टी बसवली. तेराचे चार शेंगदाणे झाले. पट्टीचे पैसे घेतले आणि तो निघाला. जाताना एवढंच म्हणाला, "मशीन आता थांबवणार नाही. पण तीनदा विचारायचं सोडू नका."

आता कुणी म्हणेल, शेठला वेगाचं वावडं होतं. तसं काही नाही. त्याच आठवड्यात लग्नाचं शूटिंग करणारा अस्लम त्याच्याकडे आला. शेठनं त्यालाही शेंगदाणे मोजायला लावले. एक लग्नाची फिल्म तयार करताना अस्लमचा कॉम्प्युटर सकाळपासून दुपारपर्यंत गुरगुरत बसायचा आणि अस्लम त्याच्याकडे बघत बसायचा. त्याचा उजवाच खिसा फाटायला आला. कपाटातला तो वेगवान कॉम्प्युटर शेठनं अस्लमला दिला आणि वर बजावलं, "यापेक्षा हलका घेऊ नकोस. रडशील."

पण रत्नाक्काच्या दुकानात गिऱ्हाईक काही येईना. एक आठवडा गेला, दुसरा गेला. अण्णा जुन्या पत्रिका काढून त्यांतल्या चुका शोधत बसले. आक्का शेठला रस्त्यात भेटली तेव्हा म्हणाली, "शेठ, तुमच्या शेंगदाण्यावर माझं दुकान चालत नाही हो."

त्या दिवशी शेठनं दुकान लवकर बंद केलं.

त्यानंतर तिसऱ्या दिवशी उत्तम खोत नावाचा गृहस्थ आक्काच्या दुकानात आला. हातात पत्रिकांचा गठ्ठा, चेहरा उतरलेला. त्याच्या मुलीचं, प्रणालीचं लग्न पाच दिवसांवर आलं होतं. पत्रिका सुयोगकडे केलेली. सोनेरी अक्षरं, सुरेख छपाई. आक्कानं ती वाचली आणि अण्णांकडे दिली. अण्णांना त्यात एकही चूक सापडली नाही.

"चूक यात नाहीच," उत्तम म्हणाला. "जे नाही तीच चूक आहे. माझ्या थोरल्या बहिणीचं नाव नाही. हौसाताईचं. प्रणाली दोन वर्षांची असताना तिची आई गेली. ताईनं नेली तिला आपल्या घरी आणि दहावीपर्यंत सांभाळली. मी पत्रिका करायला बसलो, चहा घेतला, नावं भराभर सांगितली. कप खाली ठेवला तर पत्रिका तयार! मी म्हटलं, वा! छाप."

"मग?"

"ताईच्या घरी पत्रिका गेली. तिनं वरपासून खालपर्यंत वाचली. मग उलटून मागची बाजू बघितली. मागं काहीच नव्हतं. कोनाड्यात ठेवली आणि म्हणाली, पोरीला सांगा, मला बरं नाही, मी येत नाही. आता पोर म्हणते, आत्या नाही तर मी बोहल्यावर उभी राहणार नाही. सुयोग म्हणतो, पाच मिनिटांत नाव घालून देतो. पण आक्का, आता नाव घातलेली पत्रिका कुठल्या तोंडानं नेऊ तिच्यापुढं?"

आक्कानं कॉम्प्युटर चालू केला. तो लगेच उघडला. पण तिनं खुर्ची त्याच्याकडे वळवलीच नाही. ती उत्तमकडे वळली.

"हौसाताईंचं सांगा. त्यांनी काय काय केलं पोरीचं?"

उत्तम सांगत गेला. पोरीला गोवर आला तेव्हा ताई नऊ दिवस उशाशी बसली. वेणी घालताना पाढे म्हणून घ्यायची. शाळेच्या सहलीला पैसे नव्हते तेव्हा ताईनं दुभती शेळी विकली आणि शेळी हरवली म्हणून सांगितलं. सांगता सांगता उत्तमच्या डोळ्यांना पाणी आलं. दुपार झाली. कॉम्प्युटर वाट बघत राहिला.

मग आक्का टाइप करायला बसली. वेगळीच पत्रिका केली तिनं. वर गणपती होता, खाली एवढाच मजकूर:

"माझी भाची प्रणाली माझ्या मांडीवर वाढली. तिचं लग्न आहे. माझ्या घरचं कार्य समजून आपण सर्वांनी यावं. आपली, हौसाबाई."

अण्णांनी कागद हातात घेतला. या वेळी त्यांना तपासायला बराच वेळ लागला. ते म्हणाले, "बरोबर आहे," आणि चष्मा पुसला.

"पंचवीस छापते," आक्का म्हणाली. "हळदकुंकू लावून ताईंच्या ओटीत घाला."

संध्याकाळी उत्तम बहिणीच्या दारात गेला. हौसाबाईनं गठ्ठा बघून तोंड फिरवलं. "आता आठवण झाली होय माझ्या आमंत्रणाची?"

"आमंत्रण नाही हे, ताई. घरच्या माणसाला कुणी आमंत्रण देतं का? माझी चूक झाली. ह्या पत्रिका तू वाटायच्या आहेस. पोर तुझी आहे."

हौसाबाईनं एक पत्रिका उचलली. ओळीवर बोट ठेवून वाचली. आपल्या नावापाशी बोट थांबलं. मग तिनं पदरानं नाक पुसलं आणि भावावर ओरडली, "पंचवीसनं काय होतंय रे? अर्ध्या गल्लीलासुद्धा पुरायच्या नाहीत. आणखी पन्नास आण!"

लग्न थाटात झालं. अंतरपाट धरला तेव्हा प्रणालीच्या मागं आत्या उभी होती.

हौसाबाईनं गल्लीगल्लीत पत्रिका वाटल्या आणि प्रत्येकाला ती कुणी केली तेही सांगितलं. पुढच्या आठवड्यात आक्काच्या बाकावर बसायला जागा नव्हती. अण्णांचं जेवण वेलांट्यांपायी पुन्हा थंड होऊ लागलं.

एके दुपारी सुयोग रस्ता ओलांडून आला. "आक्का, खोतांची ती पत्रिका किती वेळात केलीत?"

"चार तास लागले बघ."

"माझ्याकडे पाच मिनिटांत झाली असती."

"झाली असती की. मग उरलेल्या वेळात काय केलं असतंस?"

सुयोग डोकं खाजवून हसला. परत जाण्याआधी तो भरमूशेठच्या दुकानात जाऊन आला. दुसऱ्या दिवशी त्याच्या दारावरची पाटी होती तिथंच होती. पण टेबलासमोर गिऱ्हाइकाला बसायला आणखी दोन स्टुलं आली होती आणि कॉम्प्युटरशेजारी भाजक्या शेंगदाण्यांची वाटी होती.

तात्पर्य: वेगवान यंत्र घेण्याआधी पाहावं की आपण यंत्रासाठी थांबतो की यंत्र आपल्यासाठी थांबतं. यंत्रच थांबत असेल, तर आहे त्या यंत्रावर भागवावं आणि आपला वेळ माणसांची विचारपूस करण्यात घालवावा.