पाठीतले सात काटे

माणसं रानात फिरकत नव्हती तेव्हाची गोष्ट. अंगभर काटे असलेल्या साळूबाई साळिंदरीचं कंदमुळांचं लहानसं दुकान होतं. एकदा एक तरस आत शिरला आणि सुरणांच्या ढिगावर आडवा झाला.

“घ्यायचं असेल तर घ्या, नाहीतर निघा,” साळूबाई म्हणाली.

“नाही निघत जा! काय करशील?”

तिनं पुन्हा सांगितलं, काटे खुळखुळवले. तरस दात विचकून अंगावर आला, तशी ती गर्रकन फिरली. एक काटा त्याच्या नाकात घुसला आणि तो केकाटत दाराबाहेर पळाला. पण साळूबाईचं डोकं फिरलं होतं. ओढ्यापर्यंत पाठलाग करून तिनं त्याच्या पाठीत आणखी सात काटे रुतवले.

तरस निवाड्यासाठी म्हाताऱ्या घोरपडीकडे गेला. तिनं साळूबाईलाही बोलावलं. नाकातला काटा बघून घोरपड तरसाला म्हणाली, “हा ठीक आहे. तिच्या अंगावर गेलास, मिळाला.” मग तिनं त्याला पाठ वळवायला लावली. “आणि हे गं, साळूबाई?”

“दुकान माझं आहे!” साळूबाई फणकारली.

“तुझं दुकान ओढ्यापर्यंत आहे होय?”

साळूबाईनं फुललेले काटे मिटवले.

“हे सात तूच काढायचेस. वर दुकानातलीच आंबेहळद उगाळून लावायचीस.”

दुसऱ्या दिवशी तरस आला, तो उंबऱ्याबाहेरच बसला. शेवटचा काटा निघाल्यावर त्यानं हळूच विचारलं, “आता येऊ आत?”

“घ्यायचं असेल तर या,” साळूबाई म्हणाली.