सातवी हाक

समोर करवंदी-चिलारीची दाट जाळी दिसते ना, तिला आम्ही हाकेची जाळी म्हणतो. आत शिरताना आपलं नाव मोठ्यानं घ्यायचं. लाजायचं नाही. मागं एक शहाणा गप्पच शिरत होता, मी पिशवीला धरून मागं ओढला. म्हणाला, "आजी, जंगल बहिरं आहे का?" म्हटलं, "जंगल नाही रे बाबा, माणूस बहिरं होतं."

असं सांगतात, इथल्या जहागीरदारानं परमुलखातलं एक हरण गलबतातून आणवलं होतं. घोड्याएवढं उंच, अंगावर पांढरे पट्टे, शिंगं पिळाची. पाहुणे शिकारीला जमले आणि त्यांच्यादेखत ते कुंपण मोडून या जाळीत घुसलं. काट्यात शिरायची पाहुण्यांची छाती होईना. जहागीरदारानं वाडीच्या गजा नाईकाच्या हाती बंदूक दिली. "दिवस मावळायच्या आत जनावर पाड. नाहीतर वाडी पेटवीन."

आमच्या हाकाऱ्याची रीत अशी की, जनावर उठवायला जाळीत रांग धरायची आणि रांगेतल्या प्रत्येकानं पाळीपाळीनं आपलं नाव पुकारायचं. त्यानं जनावर उठतं, आणि कोण कुठं आहे तेही कळतं. दोनदा रांग फिरली. हरण उठलं नाही. गजा जाणता. त्यानं ओळखलं, आपलं सांबर ओरड्यानं उठतं, हे परकं जनावर ओरड्यानं दबून बसतंय.

"आता कुणी नाव घ्यायचं नाही," तो म्हणाला. "मेलात तरी तोंड उघडू नका."

सातव्या जागेवर त्याची लेक होती, भिवरा. ती म्हणाली, "बा, मग मी कुठं आहे ते तुला कळायचं कसं?"

"बापाला लेक कळत नाही होय गं?"

रांग मुक्यानं सरकली. ऊन कललं. चिलारीआड पिळाच्या शिंगासारखं काहीतरी वर आलं, आणि गजानं बार काढला.

ती भिवराची काठी होती. हरण तिला दिसलं होतं. खूण करायला तिनं काठी उचलली होती. गोळी लागली तरी पोर ओरडली नाही म्हणे. बापानं सांगितलं होतं ना! तिच्यापासून पाच पावलांवर दबलेलं हरण उठलं, निघून गेलं. पुन्हा कुणाला दिसलं नाही.

वाडी जळाली नाही. लोक म्हणतात, जहागीरदाराला दया आली. कसली दया! पाहुण्यांसमोर पोरीचं प्रेत पडलं, म्हणून गप्प बसला. त्याला मी माफ केलं नाही, आणि खरं सांगते, गजालाही नाही.

गजानं बंदूक त्या धोंड्यावर आपटून मोडली. जगला तोवर जाळीच्या तोंडाशी बसून राहिला. नाव घेतल्याशिवाय कुणाला आत सोडलं नाही.

आजही करवंदाच्या दिवसांत बाया इथं रांग धरतात, एकीमागून एक नावं घेतात. सहावी झाली की थांबतात. एक हाक मोकळी सोडतात. मग आठवी.

तुम्ही सहा जण आहात. घ्या नावं, मोठ्यानं. मी आठवी.