इथून परतलो

“मग या सगळ्यात तुमचं नेमकं काय आहे, मास्तर?”

सलील परचुरेने विचारलं आणि लॅपटॉप दाऊदमास्तरांकडे वळवला. प्रश्नात तिरकसपणा नव्हता असं नाही.

पडद्यावर प्रोग्रॅमचा इतिहास होता. खाली उतरत गेलेली एक सरळ रेघ आणि तिच्यावर ठिपके. ठिपका म्हणजे एक कमिट, एका बदलाची नोंद, करणाऱ्याच्या नावासकट. वरच्या ठिपक्यांवर ओळीने सलीलचंच नाव होतं. मास्तरांचं नाव शोधायला बरंच खाली जावं लागत होतं.

मास्तरांनी चष्मा कपाळावर चढवला. “माझं? दिसत नाही का?”

“फारसं नाही.”

“बरं…”

नांदोशी बंदरात होडी चालवणारा कुठलाही तांडेल समुद्रावर निघण्याआधी फोनवर हा प्रोग्रॅम बघतो. खाडीच्या तोंडाशी वाळूचा पट्टा आहे. भरतीचं पाणी पुरेसं चढल्याशिवाय होडी त्यावरून नेली तर ती वाळूत टेकते, आणि त्यात मोठी लाट आली तर आडवी होते. पाणी केव्हा पुरेसं चढेल हे प्रोग्रॅम सांगतो. शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या दाऊदमास्तरांनी तो लिहायला घेतला, पुढे सलील, रागिणी असे आणखी काही हात लागले. आता मास्तरांचे डोळे थकले होते. प्रोग्रॅमची मुख्य ब्रँच, म्हणजे तांडेलांच्या फोनवर जाणारी शेवटची प्रत, कोणाच्या हाती द्यायची ते आज ठरणार होतं.

ती आपल्यालाच मिळावी म्हणून सलीलने पुण्याची नोकरी सोडली होती. पोरगा हुशार होता. तो हुशार आहे हे त्याला माहीत होतं, आणि त्याला ते माहीत आहे हे बंदरावरच्या कुत्र्यांनाही माहीत होतं.

“हे माझं नवं काम,” तो म्हणाला. “याने होड्या अर्धा तास आधी सुटतील. आज मुख्य ब्रँचमध्ये घातलं की उद्यापासून चालू.”

मास्तरांनी त्याची रेघ वरपासून खालपर्यंत पाहिली.

“सुरेख आहे.”

सलीलच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

“कुठे अडखळला नाहीस?”

“नाही.”

“कधीच?”

सलील हसला. “झाकली मूठ सव्वा लाखाची, मास्तर.”

खरं तर इथे यायच्या आधी त्याने फसलेली कमिट पुसून टाकली होती आणि उरलेली नीट जुळवून घेतली होती. पाहुणे यायच्या वेळी घरातला पसारा पलंगाखाली ढकलावा तसं. यात त्याला काही वावगं वाटत नव्हतं. पसारा कोणाला दाखवायचा असतो?

“या माणसामागून मी होडी घालू?” मास्तरांनी रेघेवर बोट ठेवून विचारलं.

“बिनधास्त.”

मास्तरांनी कपातला कोरा चहा संपवला. सलीलला ते आवडलं नाही. इतकं काम पाहून निदान पाठीवर थाप तरी पडायला हवी होती.

“सगळ्या ब्रँच दाखव,” शेवटी ते म्हणाले.

“दाखवलाय की इतिहास.”

“तू उभा आहेस तिथून दिसतो तेवढा.”

सलीलचे कान तापले. ही गोष्ट तो नवशिक्यांना शिकवायचा. इतिहास बघायची आज्ञा दिली की मशीन आपण ज्या ब्रँचवर आहोत तिथून मागे जाणारी वाटच दाखवतं. बाकीच्या ब्रँच असतात, पण आपण होऊन विचारल्याशिवाय पुढे येत नाहीत.

त्याने आज्ञेत एक शब्द वाढवला.

पडदा भरून गेला. सरळ रेघेच्या दोन्ही बाजूंनी फाटेच फाटे फुटले होते. मूळ प्रोग्रॅमला धक्का न लावता काही वेगळं करून बघायचं तर असा फाटा काढतात, त्यालाच ही मंडळी ब्रँच म्हणतात. जमलं तर तो परत मुख्य ब्रँचला मिळतो. यातले बहुतेक मिळालेच नव्हते. मध्येच थांबले होते. आणि जवळजवळ प्रत्येक थांबल्या ठिकाणी एकच नाव होतं.

दाऊद मुकादम.

सलीलला हसू आवरेना. “एवढ्या फसलेल्या ब्रँच? मास्तर, हे गुंतलेलं जाळं झालंय. मुख्य ब्रँच माझ्याकडे आली की पहिल्यांदा हे सगळं पुसून टाकतो. स्वच्छ दिसेल.”

“खरंय.”

मास्तर उठून खिडकीशी गेले. ओहोटी लागली होती. खाडीच्या तोंडाशी पाण्यातून लाकडी खुंट वर आले होते, काळे, शेवाळलेले, एकही सरळ नाही.

“तेही उपटायला सांगतो,” मास्तर म्हणाले. “फार घाण दिसतात.”

“काय, ते खुंट?”

“हं. एकेक होडी जिथे जिथे अडकली तिथे लोकांनी रोवून ठेवलेत. वेडी माणसं. अडकलेली जागा कोणी मिरवतं का?”

“पण मग होड्यांना वाट कशी…”

सलील थांबला.

मास्तर खिडकीबाहेरच बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं, रागही नव्हता.

सलील परत पडद्याकडे वळला. आता तो फाट्यांची नावं वाचू लागला. मघाशी त्याने ती वाचलीच नव्हती. एका फाट्याचं नाव होतं ‘अर्धा तास आधी’.

त्याने तो उघडला.

आतला हिशोब त्याचाच होता. म्हणजे लिहिलेला मास्तरांनी होता, पण विचार तोच, मांडणी तीच. सलीलने आजवर फक्त स्वतःची मानलेली युक्ती तिथे जुनी होऊन पडली होती. त्याने शेवटचं कमिट पाहिलं. त्यावर मास्तरांनी लिहिलं होतं:

‘मतलई वारा जोरात असला की पाणी पट्ट्यावर उशिरा चढतं. मी ते धरलं नव्हतं. इस्माईलची होडी टेकली. माणसं वाचली. इथून परतलो.’

जमिनीकडून समुद्राकडे जाणारा तो वारा हिवाळ्यात रोज पहाटे सुटतो. उद्याही सुटणार होता. आणि त्याच्या सुरेख, सरळ रेघेत वारा कुठेच नव्हता.

त्याहून वाईट म्हणजे, त्याला हे अगदीच माहीत नव्हतं असंही नाही. हिशोब तपासताना काही पहाटेचे आकडे जुळले नव्हते. चुकून आले असतील, असं म्हणून त्याने ते आकडे असलेलं कमिट पुसलं होतं. रेघेवर डाग दिसत होता म्हणून.

“मास्तर…”

“हं.”

“इस्माईल म्हणजे?”

“माझा धाकटा भाऊ.”

बाहेर कोणीतरी होडी वाळूवर ओढत होतं. तिचा घासण्याचा आवाज बराच वेळ येत राहिला.

पुसलेलं कमिट लगेच मरत नाही. ज्याने पुसलं त्याच्या मशीनमध्ये ते काही काळ पडून असतं, आणि पुसणाऱ्याला ते बरोबर ठाऊक असतं. वाऱ्याचा विचार गुपचूप मुख्य रेघेत घालून टाकता आला असता. कोणाला पत्ता लागला नसता. सलीलच्या मनात ते आलं, हे लपवण्यात अर्थ नाही.

पण तो खुर्चीत ताठ बसला. पुसलेलं कमिट त्याने शोधून काढलं आणि त्याच्यापासून एक नवा फाटा काढला. न जुळलेले आकडे सगळ्यांना दिसतील असे तिथे ठेवले. मग खाली लिहिलं:

‘हे आकडे हिशोबातली चूक दाखवत होते, ते मी पुसले. वारा धरलेला नाही. हे तांडेलांना देऊ नये. इथून परतलो.’

नाव त्याने लिहिलं नाही. मशीनने आपणच लिहिलं, सलील परचुरे.

त्याने पुन्हा सगळ्या ब्रँच पडद्यावर आणल्या. मास्तरांच्या त्या जुन्या फाट्याच्या शेजारी आता एक नवा, आखूड फाटा होता. तोही मध्येच थांबलेला. सलील बराच वेळ त्याच्याकडे पाहत राहिला. स्वतःच्या सरळ रेघेचा वाटला नव्हता इतका अभिमान त्याला या तुटक्या फाट्याचा वाटला, आणि तसं का वाटावं हे त्याचं त्यालाच कळेना.

“मुख्य ब्रँचचं काय ते तुम्ही ठरवा,” तो म्हणाला. “रागिणीकडे द्या हवी तर. ती माझ्यापेक्षा सावध आहे.”

मास्तर खिडकीपासून परत आले. कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेऊन त्यांनी तो नवा फाटा वाचला. हळूहळू, ओठ हलवत, दोनदा. मग लॅपटॉप आपल्याकडे ओढून एका बोटाने टायपायला लागले.

मुख्य ब्रँच सांभाळणाऱ्याच्या जागी मास्तरांचं नाव होतं. तिथे आता सलीलचं नाव आलं.

“पण मास्तर, मी तर आत्ताच…”

मास्तरांनी लॅपटॉप त्याच्यासमोर सरकवला आणि खुंटीवरची टोपी घेतली.

“आता घालतो तुझ्यामागून होडी.”